बाग बंद होत आहे

१ जानेवारी, सकाळी ७

नवी वही. गेल्या वर्षीची वही अकरा जानेवारीला बंद पडली. कारण हिचे पाहुणे. यंदा रोज लिहिणार.

संकल्प एकच: बाग सुधारणे. म्हणजे बागेत येणारी माणसं सुधारणे, कारण बागेला काहीच झालेलं नाही. दीडशे वर्षांची झाडं, तळं, बँडस्टँड, नाटकाचा हॉल, सगळं जागच्या जागी आहे. दात्यांनी ट्रस्ट केला आणि हे सगळं लोकांसाठी ठेवलं, तिथेच घोळ झाला. दात्यांचा लोकांशी फारसा संबंध आला नसावा.

मला चेअरमन होऊन दोन वर्षं झाली. एकतीस मार्चला वार्षिक सभा आणि निवडणूक. माझ्यासमोर उभं राहायची कुणाची छाती होते ते बघतोच.

४ जानेवारी

पाहणी केली. सकाळी फिरायला येणारे हे बागेचे मुख्य शत्रू. त्यांचा म्होरक्या मास्तर. रिटायर्ड पी.टी. टीचर, गळ्यात अजून शिट्टी. शिट्टी वाजली की दंडावर हिरवी पट्टी बांधलेली चाळीस माणसं हात वर करतात. मी आलो तेव्हा एकानेही मान वळवली नाही. मास्तरांनी उलट सगळ्यांसमोर मलाच विचारलं, साहेब, पोट फार सुटलंय, येताय का रांगेत? चाळीसच्या चाळीस हसले.

हे मी विसरणार नाही. म्हणून लिहून ठेवलं.

५ जानेवारी

बागेत शिट्टीला बंदी. यात वैयक्तिक काही नाही.

६ जानेवारी

मास्तर आता टाळी वाजवतात.

९ जानेवारी

दुसरा शत्रू मुकादमबाई. माळ्यांवर मुकादम, सव्वीस वर्षं झाली. रोज दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला, बाग बंद व्हायच्या वेळी, पितळी घंटा घेऊन अख्खी बाग फिरते. दर दहा पावलांवर घंटा, आणि मग "आत कुणी राहिलंय का?" प्रत्येक फेरीला पाऊण तास. पगारी बाई ओरडत फिरते!

मी विचारलं, राहणार कोण आहे आत? ती म्हणाली, राहतात साहेब. कुणाचा डोळा लागलेला असतो, कुणी एकटं रडत बसलेलं असतं, कुणाला कानाने कमी येतं. मी म्हटलं, बाग आहे की हॉस्पिटल? चिटणीस हसला. चिटणीस माझ्या प्रत्येक विनोदाला हसतो. गुणी माणूस.

१८ जानेवारी

आयडिया सुचली. झाडांवर सहा भोंगे, टायमर, आणि रेकॉर्ड केलेली घोषणा. घंटा, फेरी, बाई, सगळं एका झटक्यात बाद. आवाज कुणाचा? चिटणीस एखादा कलाकार बोलवू म्हणत होता. मी त्याला दोन ओळी म्हणून दाखवल्या. त्याने कलाकाराचा विषय सोडला.

मजकूर माझाच: लक्ष द्या. बाग बंद होत आहे. आपण बाहेर पडावे. बाग आपली नाही, ट्रस्टची आहे.

घरी सतरा वेळा म्हणून बघितलं. हिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आवाज घुमू नये म्हणून असेल.

१ फेब्रुवारी

भोंगे सुरू. घंटा काचेच्या पेटीत, पेटी ऑफिसात, खाली माझ्या नावाची पाटी. मुकादमबाईने घंटा पुसून दिली. वॉचमनला लेखी ऑर्डर: घोषणा झाली की गेटला कुलूप लावून जेवायला जावे. आत फिरण्यात वेळ घालवू नये. त्याची सही घेतली.

बरोबर बाराला माझा आवाज बागभर. कावळे उडाले. एक बाई बाकावरून दचकून उठली आणि चप्पल तिथेच विसरून गेली. घंटेने सव्वीस वर्षांत कधी इतक्या चपळाईने कुणाला उठवलं असेल? बाग बंद असतानाही दर अर्ध्या तासाला घोषणा चालू ठेवायला सांगितली आहे. चोरांना धाक.

१२ फेब्रुवारी

बागेची भिंत तीन फूट वाढवली, वर तारा. कॉलेजची पोरं उड्या मारून आत येत होती. आता या म्हणावं.

हॉलमधून बागेत उघडणारं मागचं दारही विटांनी बुजवून टाकलं. लोक मध्यंतरात बागेतून आत घुसायचे आणि नाटकाचा दुसरा अंक फुकट बघायचे. पहिला अंक माहीत नसताना! म्हणजे काय लायकीची माणसं असतील. आता हॉलला रस्त्याकडचं एकच दार. गवंडी कंटाळा करत होता, मी उभं राहून दुहेरी वीट लावून घेतली.

२० फेब्रुवारी

मला बघून लहान मुलं "भोंगा आला, भोंगा आला" असं ओरडतात. योजना घराघरात पोचली म्हणायची.

८ मार्च

तक्रार. एक म्हातारे गृहस्थ दुपारी बागेत अडकले. ऐकू येत नाही म्हणे. बारा ते चार झाडाखाली बसून होते, घरचे गावभर शोधत होते. मास्तर चाळीस सह्यांचं पत्र घेऊन ऑफिसात आले. मी म्हटलं, चार तास फुकट सावली मिळाली, वर तक्रार? चिटणीस या वेळी हसला नाही. त्याला सर्दी असावी.

१० मार्च

मास्तर चेअरमनपदाला उभे राहणार. हसू आवरेना.

११ मार्च

झोप नीट लागली नाही. हसण्यामुळे.

१३ मार्च

पाचर मारली. मास्तरांच्या मुलीचं बाळंतपण मार्चअखेरीला, परगावी. मी तातडीने नियम करून घेतला: सभेत तीनदा नाव पुकारून जो उमेदवार ओ देणार नाही, त्याने माघार घेतली असे धरावे. चिटणीसाने विचारलं, नियम सगळ्यांना लागू ना? मी म्हटलं, अर्थात. मी काय पक्षपाती माणूस आहे?

१७ मार्च

ही गेले दोन महिने सकाळी सहाला दूध आणायला जाते. दुधाला पन्नास मिनिटं लागतात. पायात नवे कॅन्व्हासचे बूट असतात. बारीकही झाली आहे. मला न सांगता माझा प्रचार करत असणार. बायको असावी तर अशी.

२६ मार्च

मास्तरांची मुलगी आठवडाभर आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. मास्तर सभेला हजर राहणार. त्या घराण्यात डिसिप्लिन म्हणून नाहीच.

काळजी नाही. भाषण तयार आहे, अकरा पानं. ऐकल्यावर मत फिरणार नाही असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

३१ मार्च, सकाळी ११

सभा एकला, हॉलमध्ये. भाषणाचं शूटिंग करायला फोन चिटणीसाकडे दिला. आता बँडस्टँडवर एक शेवटची रिहर्सल. तिथे घुमतं छान.

दुपारी १२.२०

बँडस्टँड. रिहर्सल उत्तम. बाराला माझी घोषणा सुरू झाली, तेव्हा थांबून पूर्ण ऐकली. "आपण बाहेर पडावे" मधला "पडावे" फार वजनदार आला आहे. नंतर शेवटची दोन पानं पुन्हा म्हटली.

१२.४०

गेटला कुलूप. वॉचमन जेवायला गेला. इतक्या वेळेवर जायची काही गरज होती का? मूर्ख. आत कुणी आहे का, एवढं तरी बघावं माणसाने.

१२.५५

भिंतीवर चढायचा प्रयत्न केला. पँट फाटली. हाका मारल्या. रस्त्यावरून एक जण म्हणाला, ऐकलं रे बाबा, रोजच ऐकतो, आणि चालता झाला. त्याला भोंगाच वाटला.

१.४०

जे झालं ते लिहितो.

हॉलच्या मागे गेलो, बुजवलेल्या दाराशी. आतल्या माईकमुळे सगळं ऐकू येत होतं. खुर्च्या सरकल्या, कुणी खोकलं. मग चिटणीसाने माझं नाव पुकारलं. मी विटांवर दोन्ही मुठींनी मारलं आणि "हजर!" म्हणून ओरडलो. तेवढ्यात दीड वाजला. डोक्यावरचा भोंगा सुरू झाला. लक्ष द्या. बाग बंद होत आहे. चिटणीसाने दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मी ओरडत होतो आणि माझ्याच आवाजात मला माझं ओरडणं ऐकू येत नव्हतं. बाग आपली नाही, ट्रस्टची आहे.

भोंगा थांबला तेव्हा आत टाळ्या चालू होत्या. शिस्तीत, एका लयीत. पी.टी.च्या टाळ्या.

आधी राग आला. यादी करायला घेतली, कुणाकुणाला बघून घ्यायचं त्याची. वॉचमन, चिटणीस, गवंडी. मग लक्षात आलं, सगळ्यांनी मी सांगितलं तेच केलंय. यादी खोडली.

२.१५

तळ्याकाठी बसलोय. चारला गेट उघडेल. मला शोधत कुणी येणार नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना निदान घरचे शोधत होते. डोळ्यांत पाणी येतंय. धूळ नाही. रडतोय.

२.५०

घंटा वाजली. आधी लांब, तळ्याच्या पलीकडे. मग जवळ. मुकादमबाईचा आवाज: "आत कुणी राहिलंय का?"

झाडामागे लपावं असं वाटलं. एक पाऊल टाकलंही. पण मग म्हणालो, "मी राहिलोय."

ती आली. फाटकी पँट बघितली, डोळे बघितले, हसली नाही. नव्या चेअरमननी पहिला ठराव घंटेचा केला, पेटी उघडली आणि ती गेटची किल्ली घेऊन तशीच फेरीला निघाली, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "राहतात माणसं, साहेब. चला."

संध्याकाळी ६

गेटवर ही उभी होती. पायात कॅन्व्हासचे बूट, दंडावर मास्तरांच्या रांगेतल्यासारखी हिरवी पट्टी. म्हणाली, तीनदा पुकारलं, तीनही वेळा मी दाराकडे बघत होते. मी विचारलं, मत कुणाला देणार होतीस? ती म्हणाली, घरी चला, आधी काहीतरी खाऊन घ्या.

२ एप्रिल, दुपारी १२.१०

भोंगे काढले. घर बागेपासून लांब नाही, घंटा बाल्कनीत ऐकू येते. आज मुकादमबाई बँडस्टँडच्या बाजूने निघाली असावी. "आत कुणी राहिलंय का?" मी बाल्कनीतून "नाही" म्हणालो. ऐकू गेलं नसावं. ती पुढे विचारत गेली.