घरात आठ माणसं, गाडीत सात जागा

प्रिय वहिनी,

काल जालन्याच्या शोरूममध्ये बुकिंगच्या फॉर्मवर सही करायची होती. पेन माझ्या हातात होतं, तुमच्या महेशनं बोट ठेवून जागा दाखवली होती, आणि मी उठून बाहेर आलो. समोरच्या रसवंतीपाशी जाऊन उभा राहिलो. सगळे मागोमाग आले. "काका, झालं काय?" महेश विचारत राहिला.

आज सकाळी घरात सगळं बोलून झालंय, तरी जीव जाग्यावर नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठून अंगणात जाऊन आलो. रेखा म्हणाली, "एका जागी बसा की हो." कसा बसू? ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यांना सोडून सगळ्यांना सांगितलं मी. म्हणून हे पत्र.

तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं. आपली डिझेलची जीप विकली, वहिनी. भंगारात गेली. जालन्याच्या कुठल्यातरी भट्टीत तिची सळईसुद्धा झाली असेल. दादा तिला बघायलाही बाहेर आला नाही, आत पेपर वाचत बसला. पेपर कालचा होता.

मग महेशनं ठरवलं, आता विजेवरची घ्यायची. तीन रांगांची, सगळं घर मावेल अशी. बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर असतो, त्याला रोज नवी माहिती कळते. त्यानं गोठ्याच्या पत्र्यांवर सोलर बसवून घेतलं, अंगणात चार्जिंगचा वेगळा बोर्ड ओढला. बाईंचा एकच प्रश्न होता. "लाईट गेल्यावर ही गाडी वाटंतच बंद पडती का रे?" महेशनं आजीला अर्धा तास समजावलं. बाई ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारतात. माझी आई कशी आहे ते तुम्हाला काय सांगायचं!

दोन गाड्यांवर येऊन अडलं. एक अशी देखणी की आमची गौरी आणि महेशची पल्लवी तिच्यासमोर फोटोच काढत बसल्या. मोठा पडदा, काचेचं छत, एका चार्जिंगमध्ये लांबचा पल्ला. दुसरी साधी, डब्यासारखी. पल्लाही कमी, पण मागची रांग ऐसपैस. महेशचं मन पहिलीवर होतं. मी दोन्ही ठिकाणी एकच केलं. सरळ मागच्या दारानं आत शिरून तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

देखण्या गाडीतला विकणारा मुलगा हसला. "सर, तिकडं कशाला? थर्ड रो लेकरांसाठी असते."

म्हटलं, "आमच्याकडं तिथं मोठी माणसं बसतात. चालव तू."

त्यानं अंबड रोडला गाडी काढली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, डिझेलचा वास नाही. पण बॅटरी खाली असल्यामुळं गाडीचा मागचा तळ उंच झालेला. पाय लांब करायला जागा नाही. माझे गुडघे पार छातीला आले. डोकं छताला. एसीचं वारं माझ्यापर्यंत यायच्या आधीच संपलं. एका गतिरोधकावर कमरेतून कळ गेली. पुढं सगळे गप्पा मारत होते, मला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. दहा मिनिटं, वहिनी. फक्त दहा मिनिटं बसलो मी. तुम्ही जीपच्या मागच्या बाकड्यावर, स्टेपनीला पाय अडकवून, किती वर्षं बसल्या? आणि तेही तुम्हाला जागा मिळाली तर!

जागा मिळाली तर. इथंच माझं सगळं अडून बसलंय.

तुम्हाला गाडी लागते, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बाई सांगायच्या, दादा सांगायचा, मी तर पाहुण्यांना हसत हसत सांगायचो. महेश लहानपणी तुमच्यासाठी खिशात लिंबू ठेवायचा. तुम्ही त्याच्या हातून घ्यायच्या, हुंगायच्या, म्हणायच्या, "बरं वाटलं रे राजा." आणि जीप भरली, माणूस जास्त झालं, की तुम्ही आपणहून मागं सरकायच्या. "मी राह्यते घरी. मला उगं उलट्या होतेत."

लताच्या मोठ्या मुलीचं लग्न आठवतं? तुमची सख्खी भाची, वाटूरला, तुमच्या माहेरी. तुम्ही मोरपंखी साडी नेसून ओसरीवर उभ्या होत्या. हातात आहेराची पिशवी. आणि मी काय केलं? माझ्या शाळेतल्या दोन मास्तरांना सोबत घेऊन आलो. कुणाला विचारलं नव्हतं. "जातेत आपल्यासंग, परतूरला उतरतेत," एवढंच म्हणालो. मागं मावशीचं घर आधीच बसलेलं. तुम्ही एकदा जीपकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. माझ्याकडं पाहिलं होतं, वहिनी, मला आठवतंय.

"भावजी, तुम्ही जल्दी निघा, मुहूर्त गाठायचाय. मला सकाळधरनंच मळमळून राह्यलं. जीपात बसले तर वाट लागंल सगळ्यांची." पिशवी तुम्ही रेखाच्या मांडीवर ठेवली. जीप वळली तेव्हा तुम्ही ओसरीवरच होत्या. नेसलेली साडी तशीच.

मांडवात तुमच्या अण्णांनी विचारलं, "सुमन न्हाई आली?"

मी म्हणालो, "त्यांना गाडी लागते न."

म्हातारा माझ्याकडं नुसता बघत राहिला. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. त्यानंतर तुमची आणि त्यांची बोलती भेट झालीच नाही. तुम्ही वाटूरला पोचल्या तेव्हा अण्णा गेलेले होते.

हे सगळं मी विसरलोही असतो. माणूस आपल्या सोयीनं किती विसरतो! पण तुमच्या तेराव्याला लता आली. जेवणं उरकल्यावर ती आणि मी ओसरीवर बसलो होतो. मी सहज बोलून गेलो, "वहिनींनी कधी फिरणंच केलं न्हाई. गाडी लागायची त्यांना."

लता म्हणाली, "कुणाला? ताईला?"

"व्हय."

"भावजी, लग्नाआधी आम्ही दोघी टेम्पोच्या फाळक्याला धरून परतूरच्या बाजाराला जायचो. मी ओकायची, ताई माझी पाठ चोळायची. तिला जन्मात कधी गाडी लागली न्हाई."

ती उठून आत गेली. मी तिथंच बसून राहिलो. एकेक आठवत गेलं. माझ्या शाळेतलं गॅदरिंग, महेशसाठी मुलगी बघायला गेलो तो दिवस, देवीचं दर्शन. दरवेळी कुणीतरी जास्त झालेलं, आणि दरवेळी तुम्हालाच मळमळलेलं. तुम्हाला दवाखान्यात नेलं ते आठवलं. ॲम्ब्युलन्समध्ये तुम्ही आडव्या, मी पायाशी. तशातही तुम्ही विचारलंत, "बाईंची बीपीची गोळी कुणी दिली?" तुम्ही या घरात आल्यापासून पहिल्यांदा अख्खी गाडी तुमच्यासाठी निघाली होती.

मी लताचं बोलणं कुणाला सांगितलं नाही. सव्वा वर्ष गप बसलो. का? मीच मास्तरांना घेऊन आलो होतो, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

तुमच्यावर रागही आहे माझा. हो, आहे! एकदा तरी ओरडायचं होतं. "उतरा रे कुणीतरी, माझ्या भाचीचं लग्न आहे!" मी सहावीत असताना तुम्ही या घरात आल्या. मी शाळा बुडवली तर कान धरायच्या, लहान दीर असून "भावजी" म्हणत म्हणत धरायच्या. मग त्या दिवशी का नाही धरला? मी उतरलो असतो. उतरलो असतो ना, वहिनी?

आता कालचं सांगतो.

विकणाऱ्यानं विचारलं, "घरात किती मेंबर?" महेशनं बोटांवर मोजलं. आज्जी, अप्पा, काका, काकू, गौरी, मी, पल्लवी, ईशू. आठ. गाडीत सात. "ईशू मांडीवर," कुणीतरी म्हणालं. "चार वर्षांची झाली ती, तिला सीट अन् पट्टा पाहिजेच," पल्लवी म्हणाली, आणि तिचं बराबर होतं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

तेवढ्यात रेखा म्हणाली, "मला धरू नका. तसंही मला गाडी लागते. मी कुठं येते फिरायला?"

"मंग जमलं की!" महेश म्हणाला. सगळे मोकळे हसले. पेन माझ्या हातात आलं.

रेखा अंगणवाडीत आहे, वहिनी. गेली चौदा वर्षं रोज घनसावंगीच्या काळीपिवळी जीपमध्ये, पंधरा माणसांत दाबून जाते. जाताना फुटाणे खात जाते. तिला गाडी लागते?

मी पेन ठेवलं आणि बाहेर आलो.

आज सकाळी चहाला सगळे होते. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. लता काय म्हणाली ते सांगितलं. मास्तरांचं सांगितलं. अण्णांनी कसं पाहिलं ते सांगितलं.

महेश सुन्न झाला. "म्हणजे आई ते लिंबू…" एवढंच म्हणाला. उठून बाहेर गेला, चार्जिंगच्या बोर्डापाशी पाठ करून उभा राहिला. परत आला तेव्हा माझ्यावर ओरडला. "काका, सव्वा वर्ष तुम्ही गप कामून बसले?" बरं झालं ओरडला.

मग दादा बोलला. तुम्हाला माहीत आहे, दादा दिवसाला दहा वाक्यं बोलतो.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

दादा कपात बघून बोलत होता.

"लग्न झालं त्या साली आम्ही दोघं बसनं माहूरला गेल्तो. घाटात अर्धी बस ओकून राह्यली होती. ती शेंगा सोलून खात होती. मलाबी सोलून देत होती."

"मंग तू बोलला का न्हाईस?" मी विचारलं.

दादानं कप खाली ठेवला. "जागा नव्हती. तिनं म्हणलं अन् आपण ऐकलं. सोयीचं होतं."

सोयीचं होतं! वहिनी, हा एक शब्द सकाळपासून मला घरभर फिरवतोय. मी चूक केली एका दिवशी, आणि दादानं हे रोज पोटात ठेवलं. त्याच्यावर चिडू का त्याच्या पाठीवर हात ठेवू, कळेना. बाई पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांनाही माहीत होतं का? विचारायची हिंमत झाली नाही.

शेवटी महेशच म्हणाला, "ती काचेच्या छताची नको. दुसरी घेऊ. मागं माणूस बसल्यासारखा बसला पाहिजे."

"अन् आठवा?" पल्लवीनं विचारलं.

"आठवा पाळीपाळीनं बसनं यील," दादा म्हणाला. "पहिली पाळी माझी."

सगळं मिटलं असं वाटलं. पण रेखा पातेलं हातात घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "मी एक बोलू का? मला मागं बसायचं न्हाई, अन् बसनंबी यायचं न्हाई. मला गाडी चालवायचीय."

वीस वर्षं संसार केला, तिच्या मनात हे आहे याचा मला पत्ता नाही. तिनंच पुढं सांगितलं. शोरूममध्ये त्या मुलानं म्हटलं होतं, हिला क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, स्कूटीसारखी चालते. तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं. "पण आठ माणसं मोजून राह्यले होते सगळे. तवा म्हणलं, आधी आपणच कमी व्हावं."

बाई म्हणाल्या, "चालवू द्या तिला. मी शेजारी बसीन. जास्त पळवली तर रागवायला कुणी पाहिजे."

महेश हसला. सकाळपासून पहिल्यांदा. मग सगळेच हसले, आणि मला रडू आलं. मी अंगणात निघून गेलो.

उद्या सही करतो, वहिनी. साध्या गाडीच्या फॉर्मवर. गाडी आली की रोज शाळा सुटल्यावर रेखाला घेऊन कारखान्याच्या मोकळ्या रस्त्यावर जाईन. ती शिकेपर्यंत ओरडणार नाही, हे अवघड आहे, पण प्रयत्न करीन. वाटूरला पहिल्यांदा जाऊ तेव्हा गाडी ती चालवत असेल. लताला मी तोंडानं सांगीन की ते दोन मास्तर मी आणले होते.

आणि एक शब्द देतो. यापुढं या घरात कुणीही, बाई असो, रेखा असो, उद्या गौरी असो, "मी राह्यते घरी" असं म्हणाली, तर मी गाडीत बसून राहणार नाही. खाली उतरीन, ओसरीपर्यंत जाईन आणि तिला दुसऱ्यांदा विचारीन. उत्तर खरं वाटेपर्यंत विचारत राहीन, मुहूर्त टळला तरी.

तुमचा,
भागवत