यासुवा भाषेच्या यादीतले सव्वीस शब्द आणि माझी इतर मालमत्ता

मी स्कोलास्टिका, कै. लिओ यांची विधवा, वय अंदाजे एकाहत्तर (जन्मले त्या वर्षी मोठा पूर आला होता, एवढाच पुरावा), राहणार वोम्बरा, सेपिक नदीच्या वरच्या अंगाला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. मला दटावू शकेल असा एकच माणूस होता, तो चार वर्षांपूर्वी गेला.

१. घर सासरच्या कुळाच्या जमिनीवर आहे, तेव्हा ते देणारी मी कोण? छपराची पानं मात्र मी शिवलेली आहेत. ती, गळतीसकट, धाकटे दीर बेनेडिक्ट यांना द्यावीत.

२. होडी, वल्हं आणि आमचं रोजचं अन्न जे सागोचं पीठ, त्यासाठी त्या झाडाचं खोड कुटायचं अवजार मुलगी लुडविना हिला. ती वेवाक शहरात कचेरीत बसते आणि दोन्ही वेळा भात खाते. तरीही तिलाच.

३. पुस्तकं एकंदर सात, त्यांतली दोन अर्धी. मी मासळीच्या डब्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले, त्यामुळे बरीच वर्षं मला फक्त मासळीबद्दल वाचता येई. इंग्रजी शब्दकोश नव्या बालवर्गाला द्यावा. चष्मा प्रार्थना चालवणाऱ्या पास्कल यांना. बाईने वाचलं तर नजर जाते, असं ते म्हणाले होते. माझी नजर गेली, निम्मी तरी. आता त्यांनी खुशाल आनंद मानावा, आणि नीट दिसावा म्हणून चष्मा घालून मानावा.

४. आता माझी चूक. १९८४ साली आनेके नावाच्या बाई परदेशातून आमच्या भाषा नोंदवायला आल्या. पुरुष शिकारीला गेले होते. बाईंनी विचारलं, "इथे वाचता कुणाला येतं?" मी हात वर केला. कुणी सांगण्याआधीच उभीही राहिले.

त्यांच्याकडे शंभर शब्दांची यादी होती: पाणी, विस्तव, दात, कुत्रा, असे. आमच्यात सुनेने नवऱ्याचं, सासऱ्याचं, मोठ्या दिरांचं जुनं नाव तोंडातून काढायचं नसतं. बाप्तिस्म्याचं चालतं. जुनी नावं म्हणजे रोजचेच शब्द. माझे सासरे 'पाणी', थोरले दीर 'कुत्रा', आणि सासर भलतंच मोठं. मग सुना त्या जागी माहेरचा शब्द घालतात. घरात सगळ्यांना कळतं, म्हणून मी बाईंना सांगितलंच नाही. माझं माहेर खालच्या अंगाला, मंदोल बोलणाऱ्यांत. शंभरांतले सव्वीस शब्द मी तिथले दिले, तेही मोठ्या ऐटीत.

चार वर्षांनी पुस्तक आलं. शब्दकोश घेऊन सोळा पानं वाचायला मला आठ महिने लागले. त्यात लिहिलं होतं की यासुवा, म्हणजे आमच्या सासरची भाषा, ही मंदोलचीच एक शाखा आहे, आणि ही माहिती एका अत्यंत विश्वासू, साक्षर स्त्रीने दिली. लिओ पोट धरून हसले. म्हणाले, "बायका माहेरी भांडी नेतात, तू आमची अख्खी भाषा नेऊन ठेवलीस!"

मीही हसले. आता हसू येत नाही. फेब्रुवारीत गावात बालवर्ग सुरू होणार आहे आणि त्या पुस्तकाच्या आधारावर मुलांना मंदोलची पुस्तकं मिळणार आहेत. बेनेडिक्ट भाऊजी दोनदा होडीने शिक्षण खात्याच्या कचेरीत जाऊन खरे शब्द सांगून आले. अधिकारी म्हणाले, "आजोबा, छापलेलं वेगळं आहे. ज्यांनी यादी दिली त्यांनीच चूक सांगावी, डिसेंबरच्या आत."

खरे शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवावेत आणि मला पुरल्यावर ते उघडावेत, असा माझा बेत होता. पण मरण वेळेवर येईना, आणि डिसेंबर येणारच. म्हणून आज सकाळी साक्षीदारांसमोर, लुडविनाच्या फोनमध्ये, मी ते सव्वीस शब्द उच्चारले आहेत.

५. याचा दंड म्हणून माझी मोठी डुकरीण सासरच्या कुळाला द्यावी, आणि तीही आजच. ही भेट समजू नये. त्यांनी आभार मानू नयेत.

सकाळी मी शब्द म्हणत असताना भाऊजी रिवाजाप्रमाणे पाठ करून, कान झाकून बसले होते. चौथ्या शब्दाला गर्रकन वळले.

"वहिनी, काय हे! अशी हाक मारली असती तर आमच्या बापाने मान वळवून बघितलं नसतं. जीभ वर लावा."

"कान झाकलेत ना तुम्ही?"

"झाकलेत. बोटांतून ऐकू येतं, त्याला मी काय करू? पुन्हा म्हणा."

पन्नास वर्षं या लोकांचं पाणी भरलं, आणि 'पाणी' मी दोन वर्षांच्या पोरीसारखं म्हणते. अकरा शब्द त्यांनी माझ्याकडून घोटून घेतले. विश्वासू, साक्षर स्त्री घामाघूम झाली.

शेवटचा शब्द 'धूर'. ते लिओंचं जुनं नाव. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात मी ते एकदाही घेतलं नव्हतं. पहिल्याच खेपेला बरोबर आलं. भाऊजींनी नुसती मान हलवली. लुडविनाने फोन बंद केला. त्यानंतर मी तो शब्द आणखी दोनदा म्हटला, कारण नसताना. दंड तिन्ही वेळांचा धरावा.

हे सर्व मी वाचून पाहिलं आहे आणि मला मान्य आहे.

सही: स्कोलास्टिका

साक्षीदार:
ऑगस्टिन, ग्रामन्यायालयाचे न्यायाधीश
थेरेसिया, बालवर्गाच्या शिक्षिका

वोम्बरा, ११ नोव्हेंबर २०२३