उरलेला कप

३ नोव्हेंबर, रविवार
देवळाची घंटा झाली. मी खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. इतकी वर्षं प्रभुभोजनाचे कप मी भरले. येशूच्या आठवणीत प्यायच्या द्राक्षरसाचे इवलेसे कप, माणशी एक. कोण तापानं आडवं, कोण कुणावर रुसून घरी बसलंय, सगळं मला ठाऊक. त्यामुळे कप कधी कमी पडला नाही, कधी उरला नाही. आता माझाच एक कमी. कुणाच्या लक्षात तरी आलं असेल का? जाऊ दे खड्ड्यात.

५, मंगळवार
मुलाचा फोन. "आई, काळजी घे हं." घेते. दुसरं घ्यायला आहे कोण!

१०, रविवार
देवळाचे पाळकसाहेब म्हणाले होते, "येऊन जाऊ आम्ही." येऊन गेले असतील, मीच झोपेत असेन. पवित्र शास्त्र उघडलं, दोन ओळी वाचल्या, मिटलं. प्रार्थनेत नुसत्या तक्रारी. प्रभूला विचारलं, तू तरी आहेस ना? तोही देवळातच गेला असेल, सगळ्यांबरोबर.

दुपारी दार धाडकन उघडलं. शेजारीण डबा ठेवून जाते, म्हणून कडी नसतेच. बघते तर देवळाचा राखणदार. आम्ही त्याला आदळआपट म्हणतो, एक दार धड लावत नाही. माझं त्याचं कधी पटलं नाही. हातात वाटीनं झाकलेला कप.

"एक उरला. हल्ली कप पाळकबाई भरतात, त्यांना अंदाजच येत नाही."

"मग मी काय करू?"

"प्या. मला कप धुवायचाय."

असं घरी आणलेलं नियमात बसतं का, कोण जाणे. त्यानं बूट काढले, उभ्यानंच प्रार्थना पुटपुटला. मी प्यायले. हुंदका आला, तो खोकल्यात लपवला. त्यानं कप धुतला. मग माझी साचलेली भांडीही घासली. आदळत.

१७, रविवार
पुन्हा उरला म्हणे. पाळकबाईंना एवढं साधं जमू नये? आदळआपटनं चहा केला, पाणचट. तो गेल्यावर शास्त्र उघडलं, चांगलं पानभर वाचलं. प्रभूशी बोलणं पुन्हा सुरू झालंय. भांडणच आहे, पण सुरू आहे. बरं वाटलं.

२२, शुक्रवार
पाळकबाई आल्या एकदाच्या, फुलं घेऊन. मी टोमणा मारलाच, "कप उरतात म्हणे हल्ली."

त्या म्हणाल्या, "एकही नाही उरत हो. राखणदार तेवढा स्वतःचा कप बाजूला ठेवतो. म्हणतो, उपाशीपोटी सोसत नाही, घरी जाऊन घेईन."

त्या गेल्या. फुलं तशीच मांडीवर राहिली.

२४, रविवार
"उरला," आदळआपट म्हणाला.

मी अर्धा प्यायले, कप त्याच्यापुढं धरला.

"का? आंबलाय?"

"नाही. प्या मुकाट्यानं."

त्यानं टोपी काढली, प्यायला. जाताना दार हळूच लावलं.