केळीच्या खांबांचा तराफा

धुळे, १४ मे १९४६. सकाळी मुलीला घेऊन मळ्यातल्या विहिरीवर गेलो. ऊन चढायच्या आत परतलो.

नाना, तुम्ही जळगावच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचात, पण पोहणे तुम्हाला येत नव्हते. तरी शर्यतीसाठी मला तयार केलेत तुम्हीच, विहिरीच्या काठावर उभे राहून. "पाणी मागे ढकल, ते तुला पुढे ढकलेल. वळताना भिंतीवर पाय रोव आणि मार लाथ." मी विचारले होते, भिंत मला ढकलते, मग मी ढकललेली भिंत जाते कुठे? "जाते की! सगळी पृथ्वी घेऊन जाते. पण इतकी थोडी, की कोणाला कळू नये." तेव्हापासून लाथ मारली की मी मागे वळून बघायचो, आणि तुम्ही ओरडायचात, "बघू नकोस, पोह!"

शर्यत होती मेहरूणच्या तलावात. तिथे भिंत कुठली? वळायची खूण म्हणून केळीच्या खांबांचा तराफा सोडलेला, सैल दोरीने बांधून. हे तुमच्याही लक्षात आले नाही, माझ्याही. मी सगळ्यांच्या पुढे आहे. तराफ्याला दोन्ही पाय लावतो, जीव खाऊन लाथ मारतो, आणि तराफाच पलीकडे निघतो. मी जवळजवळ जागच्या जागी. नरडाणा गावाहून आलेला मुलगा नुसता वळसा घालून पुढे गेला. जाता जाता म्हणाला, "मास्तरना पोर्‍या, पानीले नियम कोन सांगी रे?" काठाकडे पाहिले तर तुम्ही तराफ्याकडे बघत टाळ्या वाजवत होतात. "पाहिलंस? हलका म्हणून तो गेला, तू राहिलास!" त्या दिवशी मी जेवलो नाही. हरल्याचे दुःख होतेच. पण तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत, ते जास्त लागले.

आज मुलीने पोहता पोहता हातातला केळीचा खांब सोडला आणि त्यालाच लाथ मारली. खांब सरळ समोरच्या कडेला, ही इथेच, नाकातोंडात पाणी. मी हसलो, खांबाकडे बघत. मग तिच्याकडे पाहिले आणि धोतरासकट उडी मारली. खोकला थांबल्यावर ती मला म्हणाली, "भाऊ, तो एवढा लांब कसा गेला?" मी सांगू लागलो. सांगता सांगता भिंतीच्या गोष्टीपर्यंत आलो, तर ती मान वळवून विहिरीच्या भिंतीकडे बघू लागली.

तुम्हाला पोहता येत नव्हते, नाना. मला येते, तरी आधी मी हसलोच.

धोतर सकाळपासून बादलीत तसेच पडले आहे. ते पिळून दोरीवर टाकतो.