तांदळात लिहिलेलं नाव

बाबा, सगळं बदललं ते ग्लासगोला, तिच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर. तिची आई मला मसालेभात वाढत होती आणि वाढता वाढता तिने विचारलं, "आणि तुझ्या आजीचं माहेर कुठलं रे?" मी ताठ बसून म्हणालो, "जर्मनी." डाव हवेतच थांबला. तिचे वडील तिथल्या हॉस्पिटलात कन्सल्टंट आहेत, पुण्याचेच. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "जर्मनी हे काय माहेर झालं? गाव असेल ना काही? कोणाची मुलगी? घर कुठलं?" गावाचं नाव मला ठाऊक होतं, ते सांगितलं. पुढचं काहीच येईना. "म्हणजे वाऱ्यावर उडत आली म्हणायची," ते म्हणाले आणि हसले. टेबलावरचे सगळे हसले, ती सोडून. माझं डोकं तुम्हाला माहीतच आहे. भरलं ताट तसंच ठेवून उठलो आणि म्हणालो, "काका, त्या घराचं दार शोधून काढीन, मगच तुमच्या मुलीला मागणी घालीन." त्यांनी दही मागितलं.

बर्मिंगहॅमला परत आलो आणि त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं. आई कपडे इस्त्री करत होती, तिने इस्त्री उभी केली. "आजीच्या घरासाठी? अरे, आजी तू पाहिली तरी आहेस का?" नव्हती पाहिली. माझ्या जन्माआधीच ती पुण्यात वारली. आईला काय सांगणार? की ती ग्लासगोची मुलगी, गणपतीच्या वेळी आपल्या कम्युनिटी हॉलमध्ये भेटलेली, पायाला रग लागली म्हणून चपला हातात घेऊन पार्किंगमध्ये उभी असलेली, ती मिळाली नाही तर मला पुढे काही दिसत नाही? सकाळी बेकरीच्या व्हॅनवर काम करायला लागलो आणि दुपारी जर्मनीला पत्रं लिहायला लागलो. तुम्ही असतात तर एक शब्द विचारून सगळं मिटलं असतं, असं तेव्हा वाटायचं. तुम्ही गेलात तेव्हा मी अकराचा. अकराव्या वर्षी कोण बापाला विचारतं, की तुमच्या आईचं घर कुठल्या गल्लीत होतं?

आजीविषयी माझ्याकडे जे आहे ते तुमच्याकडून आलेलं, आणि तेही स्वयंपाकघरातून. रविवार आहे. तुम्ही कच्चे बटाटे किसून पंच्यात बांधता, पिळून पाणी काढता, गोळे वळता, प्रत्येकाच्या पोटात तळलेल्या पावाचा तुकडा लपवता. आई दारातून म्हणते, "वड्यांचे बटाटे वाया." तुम्ही म्हणता, "माझ्या आईच्या गावचं पक्वान्न आहे, नावं ठेवू नका," आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी घालता. हे तुमच्या आईने पुण्यात सुरू केलेलं, कारण तुमच्या आजोबांना फोडणीशिवाय घास उतरत नसे. मी पातेल्यात चमचा घालून ढवळतो, आणि दोन गोळे फुटून पाण्याची पेज होते. तुम्ही माझ्या हातातून चमचा काढून घेता. "गाढवा, शिजले की ते आपणहून वर येतात. तुला दम कसा तो नाहीच." तुमचा आवाज चढला असा तो एकच दिवस मला आठवतो, म्हणून अजून लागतो.

आणि तो नाताळचा दिवस. तुम्ही मला तुमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात घेऊन गेला होतात. कोपऱ्यातल्या कॉटवर एक म्हातारा जर्मन होता, युद्धात कैदी म्हणून आलेला आणि इथेच राहिलेला. त्याचं इंग्रजी आजारपणात पार हरवलं होतं. तुम्ही त्याच्याजवळ बसून तुमच्या आईच्या बोलीत काहीतरी म्हणालात. त्याने आधी तुमच्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं, मग तुमचा कोट धरला आणि रडायलाच लागला. तुम्हीही त्याचा हात सोडेनात. तुमच्या तोंडून गावाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गाडीत मी विचारलं, "आपण कधी जायचं तिकडे?" तुम्ही वायपर चालू केलेत. पाऊस नव्हता.

त्या एका नावावर मी वर्ष काढलं. त्या भागाच्या दफ्तरखान्याला आजीचं नाव लिहून पाठवलं, पासपोर्टच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात तुम्ही लिहायचात तेच. आखूड, गोड नाव, कुठल्याही देशात खपून जाईल असं, त्यामुळे मला कधी शंका आली नाही. उत्तर आलं, या नावाची मुलगी इथे जन्मली नाही. मी पुन्हा लिहिलं, जरा कडक. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या पत्रात लिहिलं, की तुम्ही नीट शोधत नाही, कारण तिने काळ्या माणसाशी लग्न केलं. त्याला उत्तर आलं नाही. मग पुण्याला आत्याला फोन लावला. ती खो खो हसली. "अरे मठ्ठ्या, ते नाव आमच्या आजोबांनी लग्नात ठेवलेलं! ताटात तांदूळ पसरून नानांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, अंगठीने लिहिलं. सगळ्यांच्याच बायकांचं बदलतात, तिचं नाही बदलणार?"

"मग आधीचं नाव काय?"

"आधीचं... आईला आम्ही आई म्हणायचो रे. नाना नुसतं 'अगं' म्हणायचे. तिची कागदपत्रं ट्रंकेत होती, ती पानशेतच्या पुरात गेली." माहेरचं आडनाव तेवढं आत्याला आठवत होतं. आणि एवढं, की पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी आई शाळेत जायला लागली होती. मी विचारलं, "बाबांना माहीत होतं?" आत्या म्हणाली, "त्याला कुठून? तो तर शेंडेफळ."

बाबा, तुम्हाला तुमच्या आईचं नाव माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी जिन्यात बसून राहिलो.

मग गेलो. बोट, ट्रेन, मग एक बस. डोंगरउतारावरचं गाव, दारासमोर सरपणाच्या नीटस रांगा, आणि अर्ध्या दारांवर आत्याने सांगितलेलं तेच आडनाव. दफ्तर चर्चमागच्या खोलीत, ते सांभाळणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. मी नाव सांगताच म्हणाल्या, "हां, रागीट पत्रांचे लेखक तुम्हीच ना?" माझे कान तापले. त्यांनी आपुलकी दाखवली नाही की सहानुभूतीही, सिगारेट विझवून त्या जाड वह्या काढत राहिल्या. आपल्यात मुलीचं नाव बदलतात हे त्यांना समजावायला मला अर्धी दुपार लागली. "दोन्ही नावं? पहिलंसुद्धा? मग घरच्यांनी तिला हाक कशी मारायची?" मी म्हणालो, "घरचे तिथे नव्हते." त्या कामाला लागल्या. त्या आडनावाच्या, त्या वयाच्या मुली पुष्कळ. पण ज्यांचं पुढे लग्न नाही, मरण नाही, नोंद नुसती थांबते, अशा तिघी निघाल्या. तिघी कुठेतरी निघून गेलेल्या. त्यातली एक माझी आजी.

तिन्ही घरं पाहिली. एकात सायकलींचं दुकान आहे. एकाच्या जागी नुसती जमीन, युद्धात जळलेलं. तिसऱ्यात एक बाई खिडकीत गाद्या वाळवत होती, तिने हात केला. मी रस्त्यावर उभा राहून तिन्ही नावं मोठ्याने म्हणून पाहिली. तुमच्या चेहऱ्याशी एकही जुळेना.

चौकातल्या फोनबूथमधून ग्लासगोला फोन केला. तीच आली फोनवर. मी म्हणालो, "सापडलं. म्हणजे तीन सापडली."

"काय तीन?"

"घरं. त्यातलं एक नक्की."

ती हसेल असं वाटलं. ती म्हणाली, "शनिवारी मला बघायला येतायत. लंडनला, वेम्बलीत, मामाकडे. मुलगा डॉक्टर आहे."

"पण मी तुझ्या बाबांना सांगितलं होतं ना, की घर..."

"अरे, घर कोणी मागितलं होतं तुझ्याकडे? मी मागितलं होतं? आई पोस्टमनलासुद्धा विचारेल त्याच्या आजीचं माहेर! वाढताना काहीतरी बोलायला लागतं म्हणून विचारते ती."

"तुझे बाबा हसले."

"ते सगळ्यांनाच हसतात. माझ्या दातांना हसतात. आणि तू ताट टाकून उठलास. वर्षात एकदा तरी आलास का इकडे? पत्र लिहिलंस? सगळी पत्रं जर्मनीला." मग एकदम हळू, "मी किती दिवस म्हणायचं रे, की परीक्षा आहे, आत्ता नको, आत्ता नको?" नाणी संपली आणि फोन मेला. मी रिसीव्हर आपटला. मागे उभा असलेला म्हातारा टोपी हातात घेऊन सरळ निघूनच गेला.

आज शनिवार आहे. आई कामावर गेली आहे, मी तुमच्या खुर्चीवर बसून हे लिहितोय. काल दिवसभर ठरवत होतो, की तिघींतली एक निवडावी. गाद्या वाळत होत्या ते घर चांगलं, खिडक्यांत फुलं आहेत, फोटोही काढलाय. काकांच्या पुढ्यात टाकावा आणि म्हणावं, हे घ्या माहेर. कोण खोटं पाडणार? मग तो फाडला. म्हटलं, तुमच्या आईचं नाव एकदा कोणीतरी भलतंच ठेवलं, आता मी दुसऱ्यांदा ठेवू?

हातात काहीच नाही. काका विचारतील, आणि मला सांगावं लागेल की माहीत नाही, माझ्या बाबांनाही नव्हतं. शिक्षण सोडलंय, व्हॅन चालवतो, आणि, काका, तुमच्या मुलीशिवाय मला जगता येणार नाही. ते हसतील. ती तिथे असेल, साडीत, चहाचा ट्रे घेऊन, आणि तो डॉक्टर सोफ्यावर. कदाचित तीच म्हणेल, उशीर केलास.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला एक सांगतो, आईलाही सांगितलेलं नाही. त्या दफ्तरखान्याकडून "सापडत नाही" असं उत्तर आलं, की मला वाईट वाटायचं, पण थोडं बरंही वाटायचं. शोधत होतो तोवर मला कोणी नाही म्हणू शकत नव्हतं.

लंडनची साडेनऊची ट्रेन आहे. कोट घातलाय. कागद इथेच टेबलावर राहू देतो आणि दार ओढून घेतो.