कंसातली थाप

७ जानेवारी, मंगळवार

चुकीची फाइल गेली! पक्की जायची ती राहिली आणि कच्ची गेली.

लोकांना मजकूर लिहून देते मी, आणि प्रत्येक कामाच्या दोन प्रती असतात. कच्चीत मी स्वतःशीच कंसात बडबडते — (हे वाक्य झोपलंय), (हे कोण वाचणार?), (इथे क्लायंटने नुसतं पाल्हाळ लावलं होतं). मग वाक्यं सुधारते, कंस काढून टाकते आणि पक्की पाठवते. अकरा वर्षं असंच चाललंय. आज एका क्लायंटशी फोनवर बोलता बोलता दुसऱ्याला त्याची फाइल पाठवली. फोन ठेवला तर पक्की प्रत समोर उघडीच!

आणि गेली कोणाकडे? डोळेकाकांकडे. अर्थात हे नाव मी ठेवलेलं. ज्यांचा एक डोळा गेलाय अशांसाठी ते कृत्रिम डोळा बनवतात — हाताने, एकेक. पेशंट पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्या हातात द्यायला त्यांना आठ पानांची पुस्तिका हवी आहे. पहिलं वाक्य त्यांनीच सांगितलेलं — ‘कोणाला कळणारही नाही.’ त्याच्यापुढे माझा कंस — (थाप! कळतंच. पण काकांना हवंय तर राहू दे.)

राहू दे म्हणे! किती तो उदारपणा.

८ जानेवारी

उत्तर नाही. मावशी म्हणते, “माफी माग आणि मोकळी हो.” तिला काय जातंय बोलायला. कंपन्यांना माफीची पत्रं लिहून देते मी, अगदी डोळ्यांत पाणी आणणारी. स्वतःचं एक जमेना. चार मसुदे केले, चारही कचऱ्यात.

९ जानेवारी, गुरुवार

उत्तर आलं.

फाइल परत पाठवलीय, आणि प्रत्येक कंसाखाली उत्तर! ‘झोपलंय’च्या खाली — ‘खरं आहे. उठवा.’ पाल्हाळाच्या खाली — ‘वय झालं.’ ‘हे कोण वाचणार’च्या खाली — ‘जो आरशात बघायचं टाळतोय तो वाचेल. पुन्हा पुन्हा वाचेल.’ अकरा वर्षांत माझे कंस कोणी वाचले नव्हते, आणि या माणसाने त्यांना माझ्या पक्क्या वाक्यांपेक्षा जास्त मान दिला.

थापेच्या खाली मात्र मोठं उत्तर. ‘तीन वेळा या आणि बघा. थाप वाटली तर वाक्य काढा, माझी हरकत नाही. पटलं तर कंस काढा. पण बघितल्याशिवाय “राहू दे” नको. ठरवता आलं नाही तर काम दुसऱ्या कोणाला तरी देतो.’

गप्प कंस काढून टाकला असता तर? नाही. तेलाचं प्रकरण अजून ताजं आहे. तेलवाल्याने सांगितलं म्हणून मी लिहून दिलं होतं — तीन आठवड्यांत नवे केस. मावशीने ते वाचलं आणि मला न सांगता बाटल्या आणल्या. सहा महिने इमानेइतबारे चोळत होती! मी विचारलं तर म्हणाली, “तू लिहिलंयस म्हणजे खरंच असणार ना गं.” मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून नियम — मला पटलं नाही ते पहिल्या वाक्यात जाणार नाही. आणि तरी इथे ‘राहू दे’ लिहून मोकळी झाले होते! आणि इथे वाचणारा केस गेलेला नाही, डोळा गेलेला माणूस आहे.

१३ जानेवारी, सोमवार

पहिली भेट. जिना चढून वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्यांच्या सूनबाईंचं टेबल — फोन, नोंदवही, पेशंटना धीर देणं, सगळं त्याच बघतात. काका त्यांना ‘सूनबाई’ म्हणतात, पेशंटही तेच म्हणतात, आता मीही. जबरदस्त बाई आहे. मी बसायला गेले तर, “तिथे नको, या बाजूला घ्या खुर्ची,” म्हणून स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं. मग थेट माझ्याकडे बघत, “पान पाचवर एक शब्द दोनदा पडलाय.” ती बघायला लागली की शाळेतल्या सगळ्या चुका कबूल कराव्याशा वाटतात. चहा ओततानाही किती नीटनेटकी! किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवते आणि मगच ओतते. मी एवढ्यात बशीत सांडला होता.

आत काका आणि एक शिंपीणकाकू. आठ महिन्यांपूर्वी अपघातात त्यांचा उजवा डोळा गेला. पदराने ती बाजू झाकूनच बसल्या होत्या. काकांनी विचारलं, “दिवसाचा जास्त वेळ कुठल्या उजेडात असता?”

मला वाटलं, गप्पा मारतायत. नाही! खऱ्या डोळ्यातली बाहुली उजेडात लहान होते, अंधारात मोठी. रंगवलेली कायम एकाच मापाची. ते माप त्या माणसाच्या दिवसावरून ठरवायचं. काकू म्हणाल्या, “खिडकीपाशी, मशीनवर.” काकांनी बाहुली केसभर लहान केली.

केसभर! मी ‘ग्राहकाच्या गरजेनुसार’ हे शब्द आजवर शंभर वेळा लिहिले असतील. त्यांचा अर्थ आज पहिल्यांदा बघितला.

मग चार केसांचा ब्रश घेऊन, काकूंच्या चांगल्या डोळ्यात बघत, काका रंगवत बसले. मी तपकिरी म्हटलं असतं आणि पुढे गेले असते. काकांना तिथे मध दिसला, हिरवट कडा दिसली, एका बाजूला राखाडी ठिपका दिसला. दोन तास मी तोंड उघडं टाकून बघत होते.

१४ जानेवारी

मावशीचे डोळे बघत बसले. “काय टक लावून बघतेस, काही गेलंय का डोळ्यात?” चाळीस वर्षं ओळखते हिला. कडेला निळसर वर्तुळ आहे, मला माहीतच नव्हतं!

१६ जानेवारी, गुरुवार

दुसरी भेट. डोळा गोटीसारखा असेल असं वाटलं होतं. तो तर छोट्या वाटीसारखा पातळ. आज पांढऱ्या भागाचं काम होतं, आणि तो पांढरा नसतोच! पिवळसर, कुठे निळसर, आणि त्यात बारीक लाल शिरा. त्या शिरांसाठी रेशमी दोऱ्याचे तंतू सोडवून एकेक बसवतात. काकूंनी आज स्वतःच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा आणला होता. “हा चालेल का हो? माझ्या हातातला आहे.” काकांनी आपलं रीळ बाजूला सारलं आणि त्यांचा दोरा घेतला.

मी वहीत टिपत राहिले. बोलायला लागले असते तर रडले असते.

बाहेर सूनबाईंनी पुन्हा तीच खुर्ची दिली. “काय मग, थाप का?” मी म्हटलं, “अजून ठरलं नाही.” “छान. घाई नको.” आणि अशी बघून हसली की मीच मान खाली घातली.

२१ जानेवारी, मंगळवार

तिसरी आणि शेवटची भेट. डोळा बसवला. सूनबाईंनी आरसा पुढे धरला, पण काकू बघेनात. सूनबाई म्हणाल्या, “मी पण पहिल्यांदा घाबरले होते, बघा हळूच.” काकूंनी हळूच बघितलं. मग जवळून. मग पदर खांद्यावर टाकला आणि आरशाला म्हणाल्या, “आलीस का गं परत?”

मी रडले. लाज सोडून रडले. माणसाच्या हातून असंही काम होतं आणि मी ते तीन फुटांवरून बघितलं, हे माझं भाग्यच.

पण वाक्याचं काय? घरी येऊन विचार करते आहे. मला कळत होतं कुठला डोळा खोटा आहे — कारण मला ठाऊकच होतं! तो रंगवताना, त्यात दोरा घालताना मीच बघितला. ठाऊक नसतं तर कळलं असतं का? हे आता मी कसं तपासणार? तीन भेटी संपल्या आणि मी आहे तिथेच. भारावून गेले म्हणून कंस काढला तर पुन्हा तेलच. नाही.

२३ जानेवारी

उद्या जाऊन सांगणार — काका, मला ठरवता येत नाही, दुसरं कोणी बघा. इतकं हवंसं काम अकरा वर्षांत आलं नव्हतं. मावशी म्हणाली, “खरं बोलून काम जात असेल तर जाऊ दे.” म्हणाली आणि आत जाऊन उगाच भांडी आपटत बसली.

२४ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. म्हटलं, जिच्याबद्दल मला आधी ठाऊक नाही अशी पेशंट मला बघायला मिळायला हवी होती.

सूनबाई म्हणाल्या, “तीनदा बघितलीत की. चहा पण दिला तिने तुम्हाला.”

मी वाकून बघितलं. हातभर अंतरावरून, एक डोळा, मग दुसरा. नाही कळलं! मग खुर्ची आठवली — दर वेळी उजव्या हाताला. म्हटलं, “डावा?”

“खुर्चीवरून ओळखलंत,” त्या म्हणाल्या. “एकवीस वर्षं झाली. मामंजींनी बनवलेला पहिला.”

पक्की प्रत तिथेच बसून पाठवली. कंस काढलाय.