अकरा वाजताचा चोर

सोमवार, ३ मार्च

चोरी! सरळसरळ चोरी, आणि तीही टीव्हीवर.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी प्रीताने मला वाचून दाखवलं होतं — "विमान कंपनीने माफी मागितली. माफी दोन तास उशिरा पोहोचली. तिचं सामान अजून आलेलं नाही." पोरगी रोज सात बाराच्या ट्रेनने न्यूयॉर्कला जाते, रात्रीच्या शोसाठी विनोद लिहिते. जाण्याआधी मला ऐकवते. मी हसले तर विनोद बाद, मी नाक मुरडलं की बॉसकडे पाठवायचा. अशी माझी परीक्षक म्हणून किंमत!

तर त्याच रात्री दुसऱ्या चॅनेलवर अकरा वाजता तोच विनोद. आमचा शो अर्ध्या तासाने. सगळ्यांना वाटलं, चोर आम्हीच.

तिकडे लेखक कोण? माझ्या मैत्रिणीचा, कांचनचा मुलगा कुश. नागपूरला शाळेच्या नाटकात तो राजा आणि माझी प्रीता झाड. तेव्हापासून हा मुलगा तिच्या पुढे उभा राहतो.

बुधवार, ५ मार्च

काल पुन्हा. अठरा तास भाषण करणाऱ्या सिनेटरवरचा. "घरी गेल्यावर बायकोने विचारलं, आज गप्प गप्प का?" शब्दसुद्धा बदलले नाहीत. नागपूरला एकतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या मी. कॉपी मला वासाने कळते.

प्रीता म्हणते, "आई, प्लीज, डोन्ट स्टार्ट." मी काय स्टार्ट करणार? मी फक्त म्हटलं की आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टाने कुशला बाकावर उभं केलं असतं, तेही आठवडाभर.

शनिवार, ८ मार्च

काल रात्री तिसरा विनोद गेला. आज प्रीता दुपारभर खोलीतून बाहेर आली नाही. शेवटी वरण-भात घेऊन गेले, तेव्हा बोलली. बॉसने सांगितलंय, आतली कोणीतरी व्यक्ती विनोद बाहेर देते. तिकडे ओळख फक्त प्रीताची. महिनाअखेर करार संपतो. पुन्हा एकदा झालं, तर तो पुढे वाढणार नाही.

"सात वर्षं, आई. सात वर्षं मी यासाठी घासलीयेत."

मग रडली. लहानपणी झाडाचा पोशाख घालून रडली होती, तशीच.

सोमवार, १० मार्च

कॅलेंडर घेऊन बसले. चोऱ्या तीन. शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. चोराला वेळापत्रक आहे! आम्हा मैत्रिणींच्या चालण्याचेसुद्धा तेच वार. लायब्ररीभोवती चार फेऱ्या, मग बाकावर थर्मासचा चहा. कांचनही असते. उद्या तिला तोंडावर विचारते. घरातलं वळण असं कसं, म्हणून.

मंगळवार, ११ मार्च

विचारलं. चौथ्या फेरीला, बरोबर चालणाऱ्या सुलभासमोर.

कांचनने थर्मास खाली ठेवला. "अगं नंदा, पण ते तर तुझे होते ना?"

"माझे?"

"तूच सांगितलेस ना इथे. विमानाचा, सिनेटरचा. म्हणालीस, मला सकाळी दात घासताना सुचला. मी दुपारी कुशला फोनवर सांगते, आमची नंदा कसली बोलते म्हणून. त्यांच्या ऑफिसात तुला ओळखतात गं. तो विचारतो पण, मावशीला चालेल ना? मी म्हटलं, तिला आवडेलच."

सुलभा म्हणाली, "हो, दात घासतानाच म्हणाली होतीस."

मी उठले. पाचवी फेरी मारली. एकटीने.

आता या पानाशी काय लपवायचं? खरं आहे. इथे मी प्रीताची आई, बस्स. गाडी चालवत नाही, फोनवर यंत्राशी बोलताना दोनदा सांगावं लागतं. बाकावर चौघी हसल्या, कांचनने डोळे पुसले, की पाच मिनिटं मी कोणीतरी असते. दात घासताना! काय सुचलं मला.

बुधवार, १२ मार्च

सकाळी प्रीताला सांगितलं. तिने कप खाली ठेवला आणि ट्रेन सोडली. पहिल्यांदाच.

मग मीच म्हटलं, लाव तुझ्या बॉसला फोन. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, उभी राहून, सगळं कबूल केलं. कुश निर्दोष, प्रीता निर्दोष, दोषी मी. वय अडुसष्ट, पूर्वी गुन्हा नाही. तो माणूस खोखो हसला. प्रीताला म्हणाला, करार पुढे चालू, आणि आईला सांभाळ.

प्रीता हसली नाही.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी चहा. प्रीता समोर बसून फोनवर वाचत होती, मधेच स्वतःशीच हसली. मी विचारलं, "काय आहे आज?"

"नथिंग, आई," म्हणाली, आणि सात बाराला निघाली.